सत्त्याऐंशी युरो, दीड किलो आणि चिल्लर

"झीबन-उन्ट-आख्त्सिश ऑयरो झेक्स-उन्ट-फियर्त्सिश." जर्मन भाषेच्या वर्गात बाईंनी किंमत एकदाच वाचली आणि आम्ही ती वहीत उतरवून घेतली. माझ्या वहीत ८७,४६ असा आकडा पडला आणि शेजारी बसलेल्या चेचीच्या वहीत ७८,६४ असा. तिने एकही शब्द चुकीचा ऐकला नव्हता. सात, आठ, सहा आणि चार हे अंक ज्या क्रमाने तिच्या कानावर आले त्याच क्रमाने तिने लिहिले होते, आणि तेवढ्यानेच जवळजवळ नऊ युरोंचा फरक पडला होता.

चेची म्हणजे माझी मल्याळी मैत्रीण. मल्याळममध्ये थोरल्या बहिणीला चेची म्हणतात, आणि ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी असल्याने पहिल्या आठवड्यापासून मी तिला तशीच हाक मारते. ती कोट्टयमहून नर्सिंग शिकायला बेळगावला आली, शिक्षण संपल्यावर इथल्याच एका रुग्णालयात कामाला लागली आणि आता जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून भाषा शिकते आहे. माझे कारण घरगुती आहे. माझे यजमान कामानिमित्त श्टुटगार्टला आहेत आणि त्यांच्याकडे जायचे तर व्हिसासाठी मला जर्मनची 'ए-वन', म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागेल. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी हिशेबाचे काम करते आणि माझ्या वडिलांचे शहापुरात किराणा दुकान आहे. त्यामुळे 'खरेदी आणि पैसे' हा धडा आला तेव्हा तो आपल्या घरचाच आहे, असे मला वाटले होते.

प्रत्यक्षात तो धडा आमच्यासमोर एका छापील कागदाच्या रूपाने आला. त्या कागदावर डावीकडे इंग्रजी वाक्ये होती आणि उजवीकडे त्यांची जर्मन भाषांतरे. वर्गात आम्ही चौदा जण आहोत. घरी कोणी मराठी बोलते, कोणी कन्नड, कोणी उर्दू, कोणी कोकणी, आणि दोघी मल्याळी आहेत. तरीही सर्वांनी आधी इंग्रजीत विचार करावा आणि मग जर्मनमध्ये यावे, अशीच तिथली रीत आहे. बाई मनापासून शिकवतात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही; पण या रीतीमुळे आमच्या हातात आधीच असलेल्या कितीतरी गोष्टी वाया जातात, अशी माझी आता ठाम समजूत झाली आहे. गेले तीन महिने चेची आणि मी या धड्यावर आमच्या पद्धतीने काम करतो आहोत, आणि त्यातून जे सापडले ते इतर शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे लिहून ठेवते.

सुरुवात आकड्यांपासूनच करते, कारण दुकानात वाक्य अडले तर हाताने खूण करून भागते, पण आकडा चुकला तर पैसेच चुकतात. जर्मन भाषेत २१ पासून ९९ पर्यंत एकक आधी येतो आणि दशक नंतर. 'झीबन-उन्ट-आख्त्सिश' म्हणजे सात आणि ऐंशी. इंग्रजीतून येणाऱ्याला हे उलटे वाटते आणि पुस्तकेही ते उलटेच आहे असे सांगतात. पण सत्त्याऐंशी या आपल्या शब्दातही सात आधी आहे आणि ऐंशी नंतर. एकवीस, बत्तीस, चौसष्ट, शहात्तर यांची घडणही अशीच आहे. मी मराठी माध्यमाच्या शाळेत पाढे म्हणत वाढले, त्यामुळे ती किंमत ऐकताना मला काहीच उलटे करावे लागले नाही. चेचीची अडचण खरी आहे. मल्याळममध्ये ८७ ला 'एण्पत्तियेऴ्' म्हणतात, म्हणजे ऐंशी आधी आणि सात नंतर. कन्नडमध्येही 'एंबत्तेळु' असाच क्रम आहे. वर्गातली कन्नड मुले आणि चेची एकाच ठिकाणी का अडखळतात हे मला त्या दिवशी कळले. बाईंना ते सांगितले तेव्हा त्यांनाही नवल वाटले.

मराठीलाही इथे एक खड्डा आहे आणि तो न सांगणे बरे नव्हे. जर्मन दुकानांतल्या किमती पुष्कळदा नऊवर संपतात, आणि नऊच्या बाबतीत आपली भाषा वेगळी वाट धरते. २९ ला आपण नऊ आणि वीस असे म्हणत नाही, तर एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा असे म्हणतो. त्यामुळे 'नॉयन-उन्ट-त्स्वान्त्सिश' ऐकताना माझ्या कानाला शेवटी वीस ऐकू येतो, आणि मनात नऊ नि वीस यांची जोडी एकदम एकोणीस होऊन बसते. दोनदा मी २९,९९ च्या जागी १९,९९ लिहिले आहे. नव्व्याण्णव मात्र आपल्याकडेही नऊ आणि नव्वदच, म्हणून स्वल्पविरामानंतरचा भाग मला कधीच चुकवत नाही.

त्या स्वल्पविरामाविषयीही थोडे सांगायला हवे. जर्मन लोक दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब. मी रोज हिशेबाचे आकडे पाहणारी बाई आहे, आणि एका सरावाच्या जाहिरातीत शीतकपाटाची किंमत '१.२४९' अशी वाचून ती सव्वा युरो समजले. अर्थात ती बाराशे एकोणपन्नास होती. डोळ्यांची सवय मोडायला कानाच्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागतो. अजूनही मी अशा आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढते.

मला सर्वांत जास्त आनंद दीड आणि अडीच यांनी दिला. जर्मनमध्ये दीड किलोला 'आन्डर्टहाल्ब किलो' म्हणतात. आमच्या कागदावर तो शब्द 'पाठ करा' अशी खूण करून दिला होता. 'आन्डर' म्हणजे दुसरा आणि 'हाल्ब' म्हणजे अर्धा. एक पुरता आणि दुसऱ्यातला अर्धा, ही त्या शब्दाची जुनी घडण आहे. आपला दीड संस्कृतातल्या 'द्व्यर्ध' या शब्दावरून आला आहे आणि त्याचीही घडण हीच. अडीच हा 'अर्धतृतीय' वरून आला, म्हणजे दोन पुरते आणि तिसऱ्यातला अर्धा. जर्मन माणूस घड्याळात अडीच वाजले की 'हाल्ब द्राय' म्हणतो, शब्दशः अर्धा तीन. वजनाच्या अडीचला ते तसे म्हणत नाहीत, तिथे साधे 'त्स्वाय-आइन-हाल्ब' आहे. पण दुकान किती वाजता उघडते किंवा मिटते हे विचारायचे झाले की 'हाल्ब' येतोच. ज्या भाषेत अडीच हा शब्द जिवंत आहे तिच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, फक्त दाखवून द्यावे लागते.

चेचीला याच शब्दाने चांगलाच फटका बसला. एका सोमवारी वर्गाची वेळ बदलली आणि बाईंनी मुद्दाम जर्मनमध्ये 'हाल्ब फ्युन्फ' असे सांगितले. मल्याळममध्ये साडेपाचला 'अंजरा' म्हणतात, पाच आणि अर्धा. ती बरोबर साडेपाचला आली, कारण तिने पाच ऐकले होते आणि अर्धा ऐकला होता. आमचा वर्ग साडेचारला सुरू होऊन संपत आला होता. रात्रपाळी करून, झोप अर्धवट टाकून आलेली ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्या दिवशी आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि मी तिला दीड-अडीचचे सगळे सांगितले. तिने वहीत एक घड्याळ काढले आणि चार ते पाच यांच्यामधल्या तासाला 'पाचवा' असे नाव दिले. पाचव्या तासाचा अर्धा म्हणजे साडेचार. तेव्हापासून ती वेळ चुकलेली नाही.

आता गल्ल्यापाशी बोलण्याच्या वाक्यांकडे येते. कागदावरचे पहिले वाक्य होते 'वास कोस्टेट दास?', म्हणजे याची किंमत काय. ते बरोबरच आहे, पण गणपत गल्लीत भाजी घेताना आपण कधी 'याची किंमत काय आहे' असे विचारत नाही, "मेथी कशी दिलीसा मावशी?" असे विचारतो आणि शेवटी "किती झाले?" म्हणतो. जर्मनमध्येही शेवटी विचारायचे ते 'वास माख्ट दास?' आणि उत्तर येते 'दास माख्ट त्सुझामन' अमुक इतके. 'एकूण इतके झाले' हेच ते. दुकानदार 'झोन्स्ट नोख एत्वास?' म्हणाला की त्याचा अर्थ 'आणि काय देऊ?', आणि त्यावर 'दास वेर्स' म्हटले की 'बास, एवढेच'. या चार वाक्यांना मी इंग्रजीची वस्त्रे चढवलीच नाहीत. ती मला वडिलांच्या दुकानातल्या आवाजांसकट पाठ झाली.

'इश हेट्ट गेर्न' या वाक्याने तर आम्हा दोघींना एकदमच चकित केले. 'इश हेट्ट गेर्न आइन हाल्बेस किलो त्सुकर' म्हणजे मला अर्धा किलो साखर हवी. वर्गात यावर बराच वेळ गेला, कारण 'हेट्ट' हे क्रियापदाचे रूप पुढच्या पातळीच्या व्याकरणातले आहे आणि ते आत्ताच का वापरायचे, असे सगळ्यांना वाटत होते. मी म्हटले, आपण गिऱ्हाईक म्हणून दुकानात उभे राहिलो की "अर्धा किलो साखर पाहिजे होती" असेच म्हणतो ना? साखर आत्ता पाहिजे आहे, तरी आपण 'होती' म्हणतो, कारण त्यात मागण्याचा टोक जरा बोथट होतो. चेची लगेच म्हणाली, आमच्याकडे 'एनिक्कु पंचसारा वेणमायिरुन्नु' म्हणतात, ते अगदी हेच आहे. मागच्या बाकावरच्या मुलीने कन्नडमधले 'बेकागित्तु' सांगितले. तीन भाषांमधला आदब एकाच जागी बसला आणि 'हेट्ट' कोणालाच परके राहिले नाही. हे वर्गात झाले तेव्हा बाईंनी फळ्यावरचे इंग्रजी वाक्य पुसले, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

'बिलिश' आणि 'ग्युन्स्टिश' हे दोन्ही शब्द कागदावर 'स्वस्त' याच अर्थाने दिले होते. त्यांत फरक आहे. 'बिलिश' म्हटले की वस्तू हलकी आहे असाही वास येतो, तर 'ग्युन्स्टिश' म्हणजे पैशाच्या मानाने चांगली मिळाली. चेचीच्या भाषेत दुसऱ्याला 'लाभम्' हा सुटसुटीत शब्द आहे. तिला वस्तू स्वस्तात मिळाली की ती लाभाची असते. मला मराठीत 'हलके' आणि 'परवडणारे' असे दोन शब्द मनात धरावे लागले.

सुट्ट्या पैशांना जर्मनमध्ये 'क्लाइनगेल्ट' म्हणतात, लहान पैसा. मी चेचीला त्याचा अर्थ सांगायला म्हणून सहज 'चिल्लर' म्हटले आणि ती हसली. मल्याळममध्ये तो 'चिल्लरा' आहे आणि कन्नडमध्ये 'चिल्लरे'. त्यानंतर आमच्या दोघींच्या वहीत क्लाइनगेल्टसमोर इंग्रजी शब्द नाही, चिल्लरच आहे. 'हाबन झी एस पासेन्ट?' असे गल्ल्यावरच्या बाईने विचारले तर ती नेमके पैसे आहेत का असे विचारते आहे, आणि नसतील तर 'लायडर निश्ट' एवढे म्हणून पुरते. खानावळीत उरलेले पैसे ठेवून घ्या असे सांगायचे तर 'श्टिम्ट झो', म्हणजे आपले 'राहू द्या'.

उच्चारात मात्र आमच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन भाषेत दहा, बारा, वीस आणि पैसे देणे या सर्व शब्दांच्या सुरुवातीला 'त्स' हा ध्वनी आहे: त्सेन, त्स्वोल्फ, त्स्वान्त्सिश, त्सालन. हा आपल्या चमच्यातला आणि चाकातला च आहे, जो आपण शाळेत न शिकताही बरोबर म्हणतो. मल्याळममध्ये तो नाही, म्हणून चेची 'सेन' आणि 'सालन' म्हणत असे. मी तिला आठवडाभर 'चमचा, चाक, चोर' म्हणायला लावले. त्यात आणखी एक बारकावा असा की 'त्सालन' म्हणजे पैसे देणे आणि 'त्सेलन' म्हणजे मोजणे. एका स्वराने गिऱ्हाईक पैसे देण्याऐवजी मोजत बसते.

लिंगाच्या बाबतीतही मराठी माणसाने घाबरू नये. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत आणि आपल्याकडेही तीनच. ती सगळीकडे जुळत नाहीत. साखर आपल्याकडे ती आहे आणि तिकडे तो, दूध आपल्याकडे ते आहे आणि तिकडे ती. तरी पाणी, मीठ, तेल, अंडे, मांस आणि सोने हे सहा शब्द दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी आहेत: दास वासर, दास झाल्त्स, दास ओल, दास आय, दास फ्लाइश, दास गोल्ट. चेचीच्या भाषेत निर्जीव वस्तूंना असे तो-ती-ते नाहीच, त्यामुळे तिने प्रत्येक शब्द रंगीत पेनाने लिहिला आहे, तिन्ही लिंगांना तीन रंग.

पण ज्या ठिकाणी मी दमते त्या ठिकाणी ती सहज चालते, आणि तेही पाहण्यासारखे आहे. 'मेअरवेर्टश्टॉयर' (मूल्यवर्धित कर), 'लेबन्समिटलगेशेफ्ट' (किराणा दुकान), 'प्फान्टआउटोमाट' (रिकाम्या बाटल्या परत घेणारे यंत्र) असे लांब शब्द मी तुकड्यातुकड्याने वाचते. ती एका श्वासात वाचते, कारण शब्दाला शब्द चिकटून लांबच लांब होण्याची तिला लहानपणापासून सवय आहे. 'त्स्वाय ऑयरो', 'द्राय ऑयरो' यांत युरोचे अनेकवचन होत नाही. माझ्या तोंडी रुपयाचे रुपये होतात म्हणून मी तिथे थांबते. मल्याळममध्ये 'रण्डु रूपा' असेच असते म्हणून ती थांबत नाही.

तिच्याकडूनच मला हेर्मान गुंडर्टविषयी कळले. १८१४ मध्ये श्टुटगार्टला जन्मलेला हा धर्मप्रचारक तलश्शेरीला राहिला आणि त्याने मल्याळमचा मोठा कोश केला, जो १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. केरळात त्याचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मी तिला फर्डिनांड किटेलचे नाव सांगितले, ज्याचा कन्नड कोश १८९४ चा आहे. दोघेही बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेचे, दोघेही जर्मन, आणि दोघांच्या कोशांत अर्थ इंग्रजीतच दिलेले. यजमान ज्या शहरात राहतात तिथून निघालेला माणूस माझ्या मैत्रिणीच्या भाषेचा कोशकार झाला, हे ऐकल्यापासून ते शहर मला थोडे जवळचे वाटते.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी चेचीला शहापुरात वडिलांच्या दुकानात नेले. आम्ही ठरवले होते की ती जर्मनमध्ये मागेल, मी वडिलांना मराठीत सांगेन आणि वडील देतील. तिने 'आन्डर्टहाल्ब किलो त्सुकर' मागितली. वडिलांनी पिशवीत साखर ओतली, काट्यावर १.५४० आले, आणि नेहमीच्या सवयीने त्यांनी मान वर करून विचारले, "थोडी वर गेलीया, चालतंय न्हवं?" मी भाषांतर करायला गेले आणि थांबले, कारण ते वाक्य कागदावर शेवटच्या ओळीत होते: 'दार्फ्स आइन बिस्शन मेअर झाइन?' जर्मन खाटीक आणि चीज विकणारे वजन थोडे वर गेले की हेच विचारतात. त्या ओळीखाली आम्ही दोघींनी प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते, कारण किंमत विचारल्याशिवाय कोणी जास्त का देईल ते आम्हाला कळले नव्हते. चेचीने वडिलांकडे पाहून "या, गेर्न", म्हणजे 'हो, चालेल', असे म्हटले आणि वडिलांनी पिशवीला गाठ मारली.

'प्फान्ट' त्यांना मी समजावण्याआधीच समजले. जर्मनीत एकदाच वापरायच्या पेयाच्या बाटलीवर किंवा डब्यावर २५ सेंट अनामत असते. ही पद्धत २००३ मध्ये सुरू झाली. अनामत फळीवरच्या किमतीत धरलेली नसते, म्हणून बिल वाढलेले दिसते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी मिळते आणि ती गल्ल्यावर दिली की पैसे परत. वडील म्हणाले, सोड्याच्या काचेच्या बाटल्यांवर आपण हेच करायचो, फक्त यंत्राच्या जागी मी होतो.

चेचीने आता आकड्यांसाठी स्वतःची युक्ती काढली आहे. किंमत ऐकताना ती दशकाची जागा रिकामी सोडून एकक आधी लिहिते आणि मग मागे येऊन दशक भरते. परवाच्या श्रुतलेखनात दहापैकी तिच्या दहाही किमती बरोबर आल्या, माझ्या नऊ; चुकलेली एकोणतीसच होती. पुढच्या आठवड्यात 'उमटाउश' आहे, म्हणजे घेतलेली वस्तू बदलून घेणे. त्यासाठी चेची खडे बाजारातून आणलेली चपलांची एक जोडी वडिलांच्या दुकानात घेऊन येणार आहे, ज्यातली डावी एका मापाने लहान निघाली आहे.